सेंटओएस ७ + पोस्टग्रेस १२: वर्षाचा सपोर्ट घ्यावा का?

प्रश्न
तीन सर्व्हर, सेंटओएस ७ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम), त्यावर पोस्टग्रेस १२ (डेटाबेस), डेटा ४०० जीबी. सेंटओएस ७ ३० जून २०२४ ला बंद झालं, पोस्टग्रेस १२ चे अपडेटही त्याच वर्षी नोव्हेंबरात थांबले. आता रॉकी ९ या नव्या लिनक्सवर जायचंय. सपोर्टचं वार्षिक कोटेशन आलंय, पण अकाउंट्सवाले विचारतात, सॉफ्टवेअर फुकट तर पैसे कसले? कोटेशनमध्ये नेमकं काय तपासू?

उत्तर १
पैसे माणसाच्या वेळेचे. "१ तासात प्रतिसाद" म्हणजे १ तासात दुरुस्ती नव्हे. "लॉग पाठवा" एवढं उत्तर आलं की करार पाळला गेला. रात्री २ वाजता फोन कोण उचलणार, हे लेखी घ्या. लिनक्स कंपनी रेड हॅटचंच बघा: सेल्फ-सपोर्टमध्ये तिकीटच टाकता येत नाही, स्टँडर्ड म्हणजे कामाच्या वेळेत, चोवीस तास हवे तर प्रीमियम, आणि तेही फक्त गंभीर तिकिटांना. शिवाय आवृत्ती बघा. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती ५ वर्षंच चालते. करारात १२ बसते की आधी अपग्रेड करा म्हणतील? अपग्रेडचं काम बहुतेक वेळा वेगळ्या बिलात असतं. १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

उत्तर २
कोटेशन राहू द्या, आधी हे वाचा. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, glibc) २.१७, रॉकी ९ मध्ये २.३४. मधल्या २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. डेटा डिरेक्टरी उचलून नव्या मशीनवर ठेवलीत तर सर्व्हर गुपचूप चालू होतो, एररही येत नाही. पण मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स (नोंदी शोधायच्या क्रमवार याद्या) जुन्या क्रमाने लावलेले असतात. असलेली नोंद शोधून सापडत नाही, युनिक इंडेक्समध्ये दुबार नोंदी घुसतात. आवृत्ती बदलायच्या पीजी-अपग्रेड टूलनेही सुटका नाही, तो इंडेक्स जसेच्या तसे नेतो. स्ट्रीमिंग रेप्लिका (सतत ताजी राहणारी दुसरी प्रत) रॉकीवर उभी केली तरी तेच. पीजी-डंप (डेटाची निर्यात) काढून रिस्टोर केलं तर इंडेक्स नव्याने बांधले जातात. नाहीतर युजरना आत सोडण्याआधी रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स पुन्हा बांधून घ्या. (कोलेशन, म्हणजे क्रमाचा नियम, 'सी' असेल तर हा त्रास नाही.)

सपोर्टवाल्याला हाच प्रश्न विचारा. जीलिबसीचं नाव त्याने स्वतःहून काढलं नाही, तर कोटेशन परत करा.

प्रश्नकर्ता
रेप्लिकाचाच बेत होता! ४०० जीबीचा डंप एका रात्रीत होईल?

उत्तर २
डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये काढा, '-जे ८' (एकाच वेळी आठ कामं) लावून, रिस्टोरलाही तेच. वेळ खातात ते इंडेक्स, म्हणून रिस्टोरपुरता मेंटेनन्स-वर्क-मेम (इंडेक्स बांधायला मिळणारी मेमरी) वाढवा. टेस्ट मशीनवर एकदा घड्याळ लावून करून बघा.