दुपारी बसलेला दमा संध्याकाळी पुन्हा का उठतो?

गोधडी:
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या गाद्या काढून झटकल्या आणि दहा-पंधरा मिनिटांतच छातीत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. साल्ब्युटामॉलचा पंप घेतल्यावर श्वास मोकळा झाला. त्यानंतर मी धुळीच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही, तरी संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा धाप लागली आणि या वेळी पंपाने नेहमीसारखा उतार पडला नाही. डॉक्टरांना त्याच रात्री दाखवले, त्यामुळे उपचार नको, कारण हवे आहे. धूळ समोर नसताना प्रतिकारशक्तीच्या पेशी नेमके काय करत असतात?

पिंपळपान:
धूळ एकच असली, तरी दोन्ही वेळचा त्रास घडवणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत. गादीतील माइट या सूक्ष्म जीवाच्या विष्ठेतील प्रथिनांविरुद्ध आपल्या शरीराने पूर्वीच आयजीई प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात आणि ती श्वासनलिकेतील मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. धुळीतले प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना जोडते, तेव्हा मास्ट पेशी काही मिनिटांतच हिस्टामाइन सोडते, पाठोपाठ ल्युकोट्राइन तयार करते आणि या रसायनांमुळे नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. साल्ब्युटामॉल हे स्नायू सैल करते. मात्र मास्ट पेशींनी आणि टीएच-2 लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी सायटोकाइन या प्रथिनांच्या रूपाने धाडलेले निरोप त्याला परत बोलावता येत नाहीत. त्यांपैकी इंटरल्यूकिन-5 इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या आणि आयुष्य वाढवते, तर इंटरल्यूकिन-13 चिकट कफ वाढवते. ही फौज रक्तातून श्वासनलिकेत गोळा व्हायला वेळ लागतो, म्हणून दुसरा टप्पा साधारण 4 ते 8 तासांनी येतो. तेव्हा नलिका स्नायूंबरोबर सूज आणि कफ यांमुळेही अरुंद झालेली असते, त्यामुळे पंप तोकडा पडतो.

ओसरी:
वरील उत्तरात थोडी भर घालतो. पहिली हाक बहुधा श्वासनलिकेचे अस्तरच देते. माइटचे डर-पी-1 हे प्रथिन मुळात एक विकर (एन्झाइम) असून ते अस्तराच्या पेशींमधील सांधे कुरतडते. दुखावलेले अस्तर मग टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-33 हे धोक्याचे इशारे सोडते. टीएसएलपी अडवणाऱ्या टेझेपेलुमॅब या औषधाला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. इंटरल्यूकिन-5 अडवणारे मेपोलिझुमॅब सुरुवातीला सरसकट दम्याच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा फारसा उपयोग दिसला नाही. इओसिनोफिल वाढलेले रुग्ण निवडल्यावर मात्र झटके कमी झाले आणि त्याला 2015 मध्ये मान्यता मिळाली. निरोप थांबवायचा, तर तो त्या रुग्णात मुळात चालू असायला हवा, हे इतके उघड असूनही कळायला वर्षे लागली!

गोधडी:
आता उलगडले. मग माझा रोजचा स्टेरॉइडचा पंप यात कुठे बसतो? तो घेऊन लगेच काहीच जाणवत नाही, म्हणून मी मधूनमधून सोडून देते.

पिंपळपान:
जाणवत नाही, कारण तो स्नायूंवर थेट काम करत नाही. स्टेरॉइड पेशीत शिरून केंद्रकापर्यंत पोहोचते आणि हे निरोप तयार करणाऱ्या जनुकांना आवर घालते. त्याला तास आणि दिवस लागतात. जुन्या प्रयोगांत ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) हुंगवण्याच्या आधी दिलेल्या साल्ब्युटामॉलने पहिला टप्पा रोखला, दुसरा नाही. स्टेरॉइडच्या एकाच मात्रेने नेमके उलटे केले. मधूनमधून सोडलेला पंप आपल्या संध्याकाळच्या सात वाजण्याशी जोडून पाहा आणि डॉक्टरांना तेवढे अवश्य सांगा.