मदत हवी आहे: सोन्याच्या नॅनोकणांवर थायॉल चढवताना लाल सोल जांभळा पडतोय

बडोद्यात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतेय. आमच्या लॅबमध्ये नॅनोकणांवर काम करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

कण टर्केविच पद्धतीने केलेत: उकळत्या १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्लात सोडियम सायट्रेट. सोल (पाण्यात तरंगणाऱ्या कणांचं द्रावण) माणकासारखा लाल येतो, प्रकाशशोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरला, म्हणजे कण साधारण १३ नॅनोमीटरचे असावेत. इथवर सगळं छान.

आता कणांवरच्या सायट्रेटच्या जागी मर्कॅप्टोअनडेकॅनॉइक आम्ल हे थायॉल (एका टोकाला गंधक-हायड्रोजन गट असलेला रेणू) बसवायचंय, कारण त्याच्या दुसऱ्या टोकाच्या कार्बॉक्सिलला (आम्ल गटाला) पुढे प्रथिन जोडायचं आहे. त्याचं इथेनॉलमधलं द्रावण ढवळत थेंब थेंब सोडलं की काही मिनिटांतच सोल जांभळट दिसायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत तळाशी काळसर गाळ बसतो. थायॉल कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं, फरक नाही. काचसामान अ‍ॅक्वा रेजियाने (नायट्रिक-हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुतलेलं असतं.

सायट्रेट हलकंच धरलेलं असतं, सोनं-गंधक बंध कितीतरी पक्का. जांभळा रंग म्हणजे कण एकमेकांना चिकटतायत; मग ते चिकटतात थायॉल बसायच्या आधी की बसल्यावर? हे कळल्याशिवाय नुसती प्रमाणं बदलत बसायची इच्छा नाही.

प्रतिसाद:
ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि उत्तर बाटलीतच मिळेल. नमुना नुकताच जांभळा झालेला असताना त्यात विरळ सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन-चार थेंब टाका. लाल परत आला तर थायॉल बसलंय, फक्त कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा कार्बॉक्सिलवरचा ऋणभार गेलाय. पृष्ठभागावर दाटीने बसलेली कार्बॉक्सिलं सुट्या आम्लापेक्षा प्रोटॉन जास्त घट्ट धरतात, त्यामुळे सायट्रेट सोलचा पीएच त्यांना पुरत नाही. लाल आलाच नाही, तर थर पुरा व्हायच्या आधीच उघडं सोनं सोन्याला भिडलं. इथेनॉलही त्याला हातभार लावतं.

पहिल्या शक्यतेत सोलचा पीएच आधीच ११ च्या आसपास न्या आणि थायॉल इथेनॉलऐवजी अल्कलीच्या पाण्यात विरघळवा. क्षार मात्र वाढू देऊ नका. दुसऱ्या शक्यतेत आधी थोडं ट्वीन-२० (भार नसलेलं सौम्य डिटर्जंट) द्या, अर्धा तास थांबा, मग थायॉल. ट्वीन कणांना अंतरावर ठेवतं, तोवर थायॉल आत शिरतं. जादाचं सेंट्रिफ्यूज करून काढता येतं.

प्रमाणाचा हिशेब: अशा कणाचा पृष्ठभाग सुमारे ५३० चौरस नॅनोमीटर. दर चौरस नॅनोमीटरला चार-पाच थायॉल धरले तर एका कणाला दोन-अडीच हजार रेणू लागतात. त्याच्या बरंच वर राहा.

धागाकर्ती:
खूप आभार! हायड्रॉक्साइडची चाचणी उद्याच करते. पण प्रथिन जोडताना पीएच ७ कडे आणावा लागेल, बफरचे क्षारही येतील. तेव्हा पुन्हा जांभळं होणार नाही ना?

प्रतिसाद:
होऊ शकतं. म्हणून थायॉलसोबत थोडं थायॉल-टोकाचं पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारी लांब साखळी) मिसळून बसवा. ते कणांना भारावर विसंबून न राहता दूर ठेवतं. प्रथिन घालण्याआधी थोडा सोल वेगळा काढून त्यात मिठाचं पाणी टाका; लाल टिकला तरच पुढे जा.