तटबंध वाढले तरी पूर का वाढतोय?

पाणथळ:
परीक्षेसाठी विकसनशील देशांतले पूर हा टॉपिक करतेय. पुस्तकात सरळ दिलंय, कारण अतिवृष्टी नि जंगलतोड, उपाय धरणं नि तटबंध, म्हणजे नदीच्या काठाने घातलेले लांब बांध. पण बिहारमधे १९५४ ला १६० किमी तटबंध होते, पुढे साडेतीन हजारांच्या वर गेले, तरी पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टरवरून ६८ लाखांपर्यंत कसं काय गेलं??

भूगोलवेडा:
गाळ! पाण्याबद्दल सगळे बोलतात, गाळाचं नाव कोणी घेत नाही. बिहारची कोसी नदी हिमालयातून ढीगभर गाळ आणते, सपाटीवर वेग मंदावला की टाकून देते, पूर्वी तो शेतांवर पसरायचा, आता दोन तटबंधांच्या मधेच साचतो, मग पात्र वर चढत जातं आणि शेवटी नदी बाजूच्या गावांपेक्षा उंचावरून वाहते. ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहाला तटबंध फुटला तेव्हा पाणी जेमतेम दीड लाख क्युसेक, डिझाइन साडेनऊ लाखांचं! म्हणजे पूर मोठा नव्हताच, देखभालीच्या नावाने बोंब. नदी जुन्या पात्रात घुसली, बिहारमधे ३० लाखांवर लोकांना फटका. आणि तटबंधांच्या आत अडकलेली गावं वेगळीच, त्यांना दरवर्षीचंच.

कोरडाठणठणीत:
तटबंधांना शिव्या घालणं सोपंय हो, पण शहरं काय वाऱ्यावर सोडायची? आणि फुटणं हा एकच प्रॉब्लेम नाही, पाणी निचरा न होणं हाही आहे. २०२२ ला पाकिस्तानात ३.३ कोटी लोक बाधित झाले, सिंधमधे जमीन सपाट, वर रस्ते नि कालव्यांचे भराव आडवे, पाणी कित्येक आठवडे तसंच उभं, मग मलेरिया आलाच.

मैना:
बांगलादेशपण बघ. १९९८ ला गंगा नि ब्रह्मपुत्रेचे पूर एकाच वेळी चढले, दोन तृतीयांश देश दोन महिने पाण्यात. तिथे पूर थांबवायच्या मागे न लागता इशारा आधी मिळेल असं बघतात, चरांवर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटांवर, घराचं जोतं मातीचा भर घालून उंच करतात, हातपंपही उंचावर बसवतात, कारण तो बुडाला की आठवड्याभरात जुलाब.

पाणथळ:
भारी! पण मग गाळ उपसूनच काढला तर?

भूगोलवेडा:
उपसणार किती नि टाकणार कुठे? पुढच्या पावसाळ्यात पात्र परत भरतं. गाव नाहीतर बंदराजवळ थोडा भाग मोकळा ठेवायला ठीके.