ओटीजीचा नॉब घरी डिझाइन केला, फाइल नेटवर टाकू का?

खवय्या_नाशिक: मंडळी, ओटीजीच्या (घरच्या छोट्या ओव्हनच्या) टायमरचा नॉब तुटला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे सुटा नॉब येतच नाही, अख्खं पॅनल घ्या. एका नॉबसाठी! मग व्हर्नियरने शाफ्ट (नॉब बसतो ती दांडी) मोजला, फ्रीकॅड या फुकट डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये नॉब काढला, मित्राकडे थ्रीडी प्रिंट केला आणि फिट्ट बसला की. आता फाइल सगळ्यांसाठी टाकायचीय, कंपनी केस करेल का? आणि वॉरंटी गेली का?

कोर्टाची_पायरी: डिझाइन कायदा (2000) वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देतो, 10 वर्षं आणि पुढे 5 वाढवून मिळतात. शाफ्टवर बसणारं भोक हा निव्वळ यांत्रिक भाग, तो त्यात येत नाही. तेव्हा तुझ्या नॉबचा आकार वेगळा ठेव, लोगो अजिबात नको. पेटंट असेल तर गोष्ट वेगळी पण साध्या नॉबला कोण घेतंय. वॉरंटीचं म्हणशील तर आधी कार्ड नीट वाच, बाहेरचा पार्ट लावला की सगळीच वॉरंटी रद्द असं लिहिलं असेल तर त्यावर भांडता येतं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, पण करारच अन्यायकारक आहे म्हणायचं असेल तर राज्य आयोगात जावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

फिलामेंट_भाऊ: कायदा राहू दे, प्रिंट कशात केलंस ते सांग आधी!! पीएलए प्लास्टिक असेल तर ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, ओटीजीच्या पॅनलजवळ वाकणार. एबीएस बघ, ते प्लास्टिक जास्त उष्णता सोसतं. आणि नुसती एसटीएल (प्रिंटची तयार आकाराची फाइल) टाकू नकोस रे, फ्रीकॅडची मूळ फाइल पण टाक, म्हणजे दुसऱ्याचा शाफ्ट जाड असेल तर तो माप बदलून घेईल. रेपरॅप या खुल्या डिझाइनच्या प्रकल्पाचे थ्रीडी प्रिंटर असेच वाढले, 2005 ला इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात सुरू झालं आणि पुढे लोकांनी आपापले बदल करून परत वाटले. लायसन्स सीसी बाय-एसए लाव, म्हणजे कोणीही वापरेल, पण तुझं नाव द्यायचं आणि बदल केले तर त्याच अटीवर वाटायचे.

जुना_ग्राहक: सरकारने 2022 च्या डिसेंबरात राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल काढलं, ठीक आहे, पण त्यावर मॅन्युअल नि सर्व्हिस सेंटरचे पत्ते मिळून नॉबचं माप थोडंच कळणार. फ्रेमवर्क कंपनीचे लॅपटॉपवाले एक्स्पान्शन कार्डची (लॅपटॉपमध्ये सरकवायच्या पोर्टच्या छोट्या तुकड्यांची) ड्रॉइंग उघडी ठेवतात, लोक स्वतःची कार्डं बनवतात. आपल्याकडच्या मिक्सर-ओटीजीवाल्यांना काय अवघड आहे?

खवय्या_नाशिक: पीएलएच होतं 😅 एबीएसमध्ये काढतो परत. मग दोन्ही फाइली टाकतो, शाफ्टचं माप वर लिहून.