प्रतिसाद: ‘नोबडी केअर्ड’ आणि बंद पडणारं नेटवर्क कार्ड

तुमचं नेटवर्क कार्ड बंद पडतं आणि लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ (कुणीच दखल घेतली नाही) असं येतं, असा तुमचा प्रश्न आहे. त्यावर वर सुचवलेला ‘आयआरक्यू-पोल’ हा बूट पर्याय म्हणजे ताप उतरवायची गोळी आहे, निदान नव्हे. कार्ड चालू होईलही, पण मूळ दोष तसाच राहील.

लिनक्स ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ असं उगाच म्हणत नाही. आयआरक्यू म्हणजे डिव्हाइस ज्या लाइनवरून प्रोसेसरला इशारा (इंटरप्ट) देतं ती लाइन, आणि त्या इशाऱ्याला उत्तर देणारं ड्रायव्हरमधलं फंक्शन म्हणजे हँडलर. एका लाइनवरच्या 1,00,000 इंटरप्ट्सपैकी 99,900 हून जास्त कुठल्याच हँडलरने ‘माझा’ म्हटले नाहीत, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती लाइन बंद करतो. त्यामुळे पोस्टेड राइटचा (डिव्हाइसकडे धाडलेलं लिखाण वाटेत रेंगाळण्याचा) संशय मला पटत नाही. तिथे डिव्हाइसला दिलेली पोच उशिरा पोहोचते आणि खऱ्या इंटरप्टमागे एखादाच फुकटचा येतो. प्रमाण साधारण निम्मंच राहतं. तुमच्याकडे जवळजवळ सगळेच बेवारस आहेत, म्हणजे कुणीतरी लाइन ओढून धरली आहे आणि सोडतच नाही.

लॉगमध्ये त्याच संदेशाखाली ‘हँडलर्स’ची यादी असते, ती आधी वाचा. लाइन सामायिक असेल तर दोषी बहुतेक तुमचं कार्ड नसून शेजारी असतो, ज्याचा ड्रायव्हर लोडच झालेला नाही!

माझं असंच झालं होतं. बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमने) एका कंट्रोलरचा इंटरप्ट चालू ठेवला होता, आणि मी दोन दिवस भलत्याच ड्रायव्हरमध्ये प्रिंटके (लॉगमध्ये संदेश छापणाऱ्या ओळी) पेरत बसलो. शेवटी प्रोबच्या (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हरचं जे फंक्शन चालतं त्याच्या) सुरुवातीलाच मास्क रजिस्टर लिहून डिव्हाइसचे इंटरप्ट बंद केले, हँडलर नोंदवला आणि मगच इंटरप्ट उघडला.

तुमच्या प्रोबमध्ये हा क्रम काय आहे? तेवढा भाग इथे डकवा.