साखर + सायट्रिक ॲसिड, ग्राफ शेवटी वाकतोय

प्रश्न: साखरेच्या पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून ७०° ला ग्लुकोज-फ्रुक्टोज करतोय, दर १० मिनिटांनी थोडं काढून गार करून पोलरिमीटरवर (द्रावणातून जाताना प्रकाशाची दिशा किती फिरते ते मोजणारं यंत्र) कोन बघतो. फर्स्ट ऑर्डर (म्हणजे वेग एकाच पदार्थाच्या प्रमाणावर) असेल तर (त्या वेळचा कोन − शेवटचा कोन) याच्या लॉगचा वेळेशी ग्राफ सरळ यायला पाहिजे ना, माझा शेवटी वाकतो. आणि पाणीपण रिॲक्शनमध्ये आहे मग सेकंड ऑर्डर (वेग दोन्हींवर) का नाही?

उत्तर: पाणी इतकं जास्त असतं की त्याचं प्रमाण बदलल्यासारखं वाटतच नाही, म्हणून रेट (वेग) फक्त साखरेवर चालतो. विल्हेल्मी या शास्त्रज्ञाने १८५० मध्ये हीच रिॲक्शन अशीच कोन बघून मोजली होती, भारी काम आहे ते! पण पाक घट्ट असेल तर हे गणित बिघडतं.

उत्तर: वाकतोय तो शेवटच्या कोनामुळे. रिॲक्शन पूर्ण व्हायच्या आधीच शेवटचं रीडिंग धरलंत की शेवटचे पॉइंट हमखास घसरतात. साखरेचं स्पेसिफिक रोटेशन (ठराविक प्रमाण आणि नळीच्या लांबीसाठीचा कोन) +६६.५° पासून सुरू होऊन मिश्रणाचं साधारण −२०° ला जातं; तुमचे आकडे वेगळे असतील, पण कोन उलट्या बाजूला जाऊन बदलायचा थांबेपर्यंत थांबा. आणि फ्रुक्टोजचा कोन तापमानाने खूप हलतो, त्यामुळे प्रत्येक सॅम्पल एकाच तापमानाला आणून, थोडा वेळ ठेवून मगच वाचा, हे खरंच महत्त्वाचंय.

प्रश्नकर्ता: थँक्यू, शेवटचं रीडिंग घाईतच घेतलं होतं. पण ॲसिड दुप्पट केलं तरी स्पीड दुप्पट का नाही झाला?

उत्तर: कारण वेग वाढवतात ते ॲसिडमधून सुटणारे हायड्रोजन आयन, आणि हे वीक ॲसिड (थोडंच आयनांत फुटणारं), दुप्पट घातलं तरी हायड्रोजन आयन साधारण १.४ पटच होतात. त्यापेक्षा ८०° ला करून बघा, जवळपास तिप्पट वेग मिळेल.