सर्व्हर बंद पडला, तरी अलर्ट ‘रिझॉल्व्ह्ड’ कसा?

प्रश्न: प्रोमिथियसमध्ये (सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) डिस्क ९०% च्या वर भरली की अलर्ट, ‘फॉर’ १० मिनिटं (म्हणजे स्थिती तेवढा वेळ टिकली तरच), असा रूल आहे. रात्री अलर्ट आला, थोड्या वेळाने ‘रिझॉल्व्ह्ड’ची मेल. प्रत्यक्षात मशीन पूर्ण बंद! रूलमध्ये काय बिघडलंय?

उत्तर १: रूल बरोबर आहे, तपासायला डेटाच उरला नाही. स्क्रेप (ठरावीक वेळाने मशीनकडून आकडे गोळा करणं) फेल झाला की त्या टार्गेटच्या, म्हणजे मशीनच्या, आकड्यांच्या सीरिज स्टेल (शिळ्या) होतात, रूलमधलं एक्स्प्रेशन रिकामं येतं, आणि रिकामं म्हणजे प्रोमिथियसच्या लेखी ‘सगळं ठीक’. ‘अप == ०’चा (‘अप’ शून्य म्हणजे स्क्रेप फेल) वेगळा रूल हवाच. तो नसेल तर त्याला मी मॉनिटरिंग मानतच नाही.

उत्तर २: टार्गेट कॉन्फिगमधूनच गळलं तर ‘अप’ही दिसत नाही. तिथे ‘अ‍ॅब्सेंट’ (सीरिजच नाही हे पकडणारं फंक्शन) लावा.

प्रश्नकर्ता: ‘अप’चा रूल टाकून एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे पुरवणारा प्रोग्रॅम) थांबवून बघितला. आधी पेंडिंग (‘फॉर’ची वेळ मोजणं चालू), मग फायरिंग (अलर्ट लागू). जिवात जीव आला! पण एखादा स्क्रेप हुकला तरी डिस्कचा अलर्ट ‘रिझॉल्व्ह’ होतो आणि १० मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर १: रूलमध्ये ‘कीप_फायरिंग_फॉर’ ५ मिनिटं द्या (अट सुटली तरी अलर्ट तेवढा वेळ चालू राहतो), आवृत्ती २.४२ पासून आहे. मात्र ते फक्त फायरिंगला धरून ठेवतं. पेंडिंगसाठी मेट्रिकवर ‘लास्ट_ओव्हर_टाइम’ (दिलेल्या कालावधीतला शेवटचा आकडा देणारं फंक्शन) लावा.